बेन्शी व्हीआरमध्ये आणताय? या चुका टाळा

अधूनमधून कुणीतरी बेन्शीचा, म्हणजे जपानी मूकपट चालू असताना थेट कथन करणाऱ्या कलाकाराचा, व्हीआरमधला (आभासी वास्तवातला) नवा प्रयोग बघायला बोलावतं. हेडसेट चढवला की पुन्हा तेच. प्रेक्षकाला 'चित्रपटाच्या आत' न्यायचं म्हणून सामुराईंच्या मधोमध उभं केलेलं, आणि बेन्शीचा नुसता आवाज कुठूनतरी वरून येतोय. अहो, १९२०च्या दशकात जपानात कितीतरी लोक बेन्शीचं नाव बघून तिकीट काढत. तोकुगावा मुसेईसारखे बेन्शी तर नटांइतकेच प्रसिद्ध होते. हा माणूस पडद्याशेजारी मेजामागे उभा राहून गोष्ट सांगायचा, सगळ्या पात्रांचे आवाज काढायचा. तोच दिसत नसेल, तर पुनरुज्जीवन कशाचं करताय? आधी थिएटर उभं करा: पडदा, मेज, मेजावरचा लहान दिवा, वादक. मग बाकीचं.

आता माझी 'आवडती' चूक. बेन्शींच्या कथनाच्या जुन्या तबकड्या मिळतात. त्या ऐकल्या की नवशिक्याला वाटतं, अर्धं काम झालं. आवाज घ्यायचा, चित्रपटाखाली लावायचा, संपलं. काही होतकरू मंडळींनी तलवारबाजीच्या एका मूकपटाला असंच केलं. मी बघायला बसलो. पडद्यावर नायकाला दोरखंडांनी बांधून नेत होते आणि बेन्शीबुवा अजून त्याच्या तारुण्यातल्या प्रेमाचं वर्णन करत होते! मी विचारलं तर म्हणाले, "जुळत नव्हतं, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये थोडं ताणलं." थोडं? आवाज झिंगल्यासारखा लागत होता.

जुळणार कसं? ७८ आरपीएमच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावतात. त्यात गाजलेले प्रसंग आटोपशीर करून घातलेले असायचे. विकायचा माल होता तो, खेळाचं ध्वनिमुद्रण नव्हे. शिवाय बेन्शीच्या वाक्यांत बऱ्याचदा सात-पाच अक्षरांची लय असते. ताणलंत की पहिली तीच मोडते. मी तबकडी फक्त कान तयार करायला ऐकतो. कथन मात्र आजच्या बेन्शीकडून, समोर चित्रपट चालवून, सलग करून घेतो. सावातो मिदोरी, काताओका इचिरो असे कलाकार आजही प्रयोग करतात, परंपरा काही संग्रहालयात गेलेली नाही. पण तारीख मागायची, वाट बघायची, मानधन द्यायचं, याचा लोकांना कंटाळा. त्यापेक्षा एआयने आवाज बनवू म्हणतात. बनवा, पण त्याला बेन्शी म्हणू नका.

दुसरी मोठी चूक वेगाची. चित्रपट सेकंदाला १६ फ्रेम्सचा असेल आणि तुम्ही टाइमलाइन २४वर ठेवून मोकळे झालात, तर तासाभराचा खेळ ४० मिनिटांत उरकतो आणि बेन्शीला श्वास घ्यायला जागा उरत नाही. त्या काळी बेन्शी प्रोजेक्टर चालवणाऱ्याला वेग कमी-जास्त करायला सांगत असे. म्हणून वेग आधी बेन्शीसोबत बसून ठरवा, मग ध्वनिमुद्रण करा. हेडसेटचा रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा ताजं होतं, तोही बघा: १८ फ्रेम्स ७२ किंवा ९० हर्ट्झवर नीट बसतात, १६ला ८० लागतो. रिफ्रेश रेटला फ्रेम्सच्या आकड्याने पूर्ण भाग जात नसेल तर चालणारा माणूस अडखळताना दिसतो, आणि दोष बिचाऱ्या जुन्या प्रिंटला मिळतो.

बाकीचं पटापट. आवाज मेजापाशी बांधा. मान वळवली की बेन्शीही सोबत फिरला तर सगळी मजा गेली. बेन्शीला पडद्यापासून इतका लांब ठेवू नका की बघणाऱ्याची मान दुखेल. कॅमेरा हलवू नका, अजिबात नाही, 'सिनेमॅटिक' वाटतं म्हणूनही नाही. चित्रपटाआधीचं प्रास्ताविक कापू नका. कीर्तनात पूर्वरंग गाळून थेट आख्यानाला हात घालतं का कुणी? सुरुवातीच्या काळात बेन्शीची छाप त्यावरच पडायची.

सबटायटल मी पडदा आणि मेज यांच्या मधे ठेवतो, म्हणजे नजर दोन्हीकडे जाते. पडद्याच्या तळाशी टाकलीत की लोक अक्षरंच वाचत बसतात.

प्रेक्षकांसाठी वेगळा माइक लावा. हशा, टाळ्या, मधेच दिलेली दाद यांवर बेन्शी आपलं बोलणं लांबवतो किंवा आवरतो. रिकाम्या स्टुडिओत ते होत नाही आणि नंतर हशा चिकटवलात तर लगेच कळतं.

परवानगी लेखी घ्या. चित्रपट जुना असला तरी आजच्या बेन्शीने लिहिलेली संहिता आणि त्याचं सादरीकरण त्याचं आहे. "फोनवर हो म्हणाले होते" हे प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी उपयोगी पडत नाही.