दुखापतींत अडकलेला उंच सेंटर: त्याच्यावर वाद घालायचा तर असा घाला

फुटबॉलवरून वाद कसा घालावा हे कोल्हापूरकराला शिकवावं लागत नाही. पण थंडीत पहाटे साडेपाचला एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, लावून बसणाऱ्यांचं रंकाळ्यावरचं भांडण नेहमी एकाच जागी रुततं. पोरगं सात फुटी सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच गडी, वय विशीचं आणि निम्मा हंगाम बाकावर. एक म्हणतो, ‘जगात भारी होणार’. दुसरा म्हणतो, ‘काचेचं भांडं आहे ते’. खरं तर दोघं दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात: खेळला तर किती चांगला खेळेल, आणि मुळात किती खेळेल? हे दोन प्रश्न आधी सुटे करा.

दुसऱ्या प्रश्नासाठी एक वही घ्या. प्रत्येक दुखापतीपुढे महिना, अवयव, डावा की उजवा, धक्का लागून झाली की आपोआप, शस्त्रक्रिया झाली का आणि किती सामने हुकले, एवढं लिहा. निम्मा वाद इथेच मिटतो, कारण ‘सारखा जखमी’ हा काही आजार नाही. एनबीएतला सेंटर जोएल एम्बीड घ्या. त्याचं २०१८ मध्ये स्वतःच्याच सहकाऱ्याशी टक्कर होऊन डोळ्याभोवतीचं हाड मोडलं. तो अपघात, त्यावरून पुढचं भाकीत करता येत नाही. पण २०१४ मध्ये त्याच्या उजव्या पावलातलं नॅव्हिक्युलर हाड मोडलं होतं, ते खातं निराळं. पावलाच्या कमानीतल्या या छोट्या हाडाच्या मधल्या भागाला रक्तपुरवठा कमी आणि उडी मारताना भार मात्र मोठा, म्हणून ते सावकाश जुळतं आणि पुन्हा तडकू शकतं. एम्बीडचे पहिले दोन्ही हंगाम त्यातच गेले.

गुडघ्याच्या गादीचं, म्हणजे मेनिस्कसचं, बघताना फाटलेला तुकडा काढला की टाके घालून शिवला हे विचारा. काढला तर खेळाडू लवकर परततो, पण गादी कमी झाल्याने पुढे गुडघा झिजायची भीती वाढते. शिवला तर काही महिने जातात, गादी मात्र राहते. त्यामुळे ‘सहा आठवड्यांत आला, म्हणजे किरकोळ होतं’ हा निष्कर्ष कधी कधी नेमका उलटा असतो. सगळ्यात वाईट खूण म्हणजे त्याच सांध्याची दुसरी फेरी, किंवा एका पायाला जपताना दुसरा जाणं. सेंटर ग्रेग ओडन २००७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत, पहिला निवडलेला खेळाडू. दोन्ही गुडघे गेले आणि एनबीएत एकूण १०५ सामने झाले.

आता पहिला प्रश्न. सरासरी गुण बघू नका. गुण भागिले मिनिटं गुणिले ३६ करा (मुख्य खेळाडू सामन्यात साधारण तेवढी मिनिटं खेळतो). पदार्पणाच्या २०१६-१७ च्या हंगामात एम्बीड ३१ सामने, सरासरी २५.४ मिनिटं खेळला आणि २०.२ गुण काढले: ३६ मिनिटांमागे साधारण २८.६. पुढच्या हंगामात ६३ सामने, ३०.३ मिनिटं, २२.९ गुण, म्हणजे २७.२. सामने दुप्पट झाले तरी आकडा फारसा घसरला नाही. ही खरी खूण. पण हाच हिशोब फाउलचाही करा. १८ मिनिटांत साडेतीन फाउल म्हणजे ३६ ला ७, आणि सहाव्या फाउलला खेळाडू बाहेर जातो. असा पोरगा ठणठणीत असला तरी ३६ मिनिटं टिकणार नाही, मग त्याचे ३६ मिनिटांचे गुण कागदावरच राहतात. आणि ४० प्रयत्नांतल्या थ्री-पॉइंटच्या (लांबून मारलेल्या तीन गुणांच्या बास्केटच्या) टक्केवारीवर पैज लावू नका. तिच्यापेक्षा फ्री-थ्रोची (फाउलनंतर कोणी न अडवता मिळणाऱ्या फेकीची) टक्केवारी नेमबाजीच्या हाताबद्दल जास्त सांगते.

मग व्हिडिओ. दुखापतीआधीचे तीन आणि नंतरचे तीन पूर्ण सामने बघा. डंकचे (उडी मारून चेंडू वरून बास्केटात कोंबण्याचे) तुकडे नकोत, त्यात सगळेच भारी दिसतात. रिबाउंड (बास्केट चुकून परत आलेला चेंडू) हुकल्यावरची दुसरी उडी किती लवकर येते? नेहमी एकाच पायावर उतरतो का? स्क्रीननंतर (सहकाऱ्याने वाट अडवून मोकळं केल्यावर) समोरचा चपळ गार्ड चेंडू घेऊन अंगावर आला की कंबर वळते, की पाय ओढत मागे जातो? पाय जपणारा खेळाडू उडी आधी चोरतो, वेग नंतर.

समोरचा ‘ओडन!’ म्हणाला की तुम्ही ‘इल्गाउस्कस!’ म्हणणार. पायाच्या शस्त्रक्रियांत हंगाम गमावूनही झायड्रुनास इल्गाउस्कस हा सेंटर पुढे दोनदा ऑल-स्टार झाला, म्हणजे निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला. अशी नावं फेकून काही ठरत नाही, कारण दोन्ही बाजूंना नावं भरपूर आहेत. एम्बीडच घ्या: २०२२-२३ चा एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू, आणि एका हंगामात ६८ च्या वर सामने कधीच नाहीत. भारी म्हणणारेही बरोबर, काचेचा म्हणणारेही. म्हणून प्रत्येकाने चिठ्ठीवर तीन शक्यतांची टक्केवारी लिहावी, बेरीज १००: पुढच्या तीन हंगामांत सरासरी ६० च्या वर सामने, ३० ते ६०, ३० च्या आत. खाली तारीख आणि सही. चिठ्ठ्या अशा माणसाकडे ठेवा ज्याला बास्केटबॉलमधलं काही कळत नाही.

हीच वही गावातल्या उंच पोरासाठी वापरायची तर दोन बदल करा. आपल्याकडे सामना ४० मिनिटांचा आणि पाचव्या फाउलला बाहेर, म्हणून गुणाकार ४० ने. आणि चौदा-पंधराव्या वर्षी झपाट्याने उंची वाढताना गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडावर दुखणं, टेंगूळ येणं हे बऱ्याच मुलांत होतं. वाढ थांबली की सहसा तेही थांबतं. सिमेंटच्या कोर्टावर पातळ तळाचे बूट घालून रोज शेकडो उड्या मारल्या की ते भडकतं. अशा पोराला ‘काचेचा’ म्हणण्याआधी उड्या निम्म्या करा आणि बूट बदला. दुखणं रात्री झोपेतून उठवत असेल, किंवा पाऊल एकाच जागी बोट दाबल्यावर दुखत असेल, तर मात्र वाद बंद करून हाडांच्या डॉक्टरकडे न्या. तडकलेलं बारीक हाड साध्या एक्स-रेत सुरुवातीला दिसत नाही, तेव्हा एमआरआय लागेल का हे तिथेच विचारून घ्या.