सोमवारच्या पेपरआधी आयनांची समीकरणं

सकाळपासून ट्युशनच्या पोरांचे फोन चालू आहेत, टीचर काय काय बघू, म्हणून एकदाच लिहून टाकते.

आधी आयनांचे, म्हणजे चार्ज असलेल्या अणूंचे किंवा अणूंच्या गठ्ठ्यांचे, चार्ज पाठ आहेत का बघा. सोडियम, पोटॅशियम, सिल्व्हर, अमोनियम प्लस 1, बेरियम, कॅल्शियम, झिंक प्लस 2, ॲल्युमिनियम प्लस 3, आणि दुसऱ्या बाजूला क्लोराइड, नायट्रेट, हायड्रॉक्साइड मायनस 1, सल्फेट, कार्बोनेट मायनस 2, फॉस्फेट मायनस 3. आयर्न, कॉपर असेल तर नावातला रोमन आकडा बघायचा. हे येत नसेल तर पुढे जाऊच नका, फॉर्म्युला चुकला की रात्रभर बसलात तरी बॅलन्स होणार नाही.

फॉर्म्युला झाला की त्यातल्या खालच्या आकड्याला हात लावायचा नाही, हात लावलात तर पदार्थच बदलला. फॉर्म्युलाच्या आधी लिहितो तो आकडाच बदलायचा. ॲल्युमिनियम सल्फेट आणि बेरियम क्लोराइड घ्या, इथे सल्फेट फुटत नाही तर सल्फर वेगळा, ऑक्सिजन वेगळा कशाला मोजता, अख्खा गठ्ठा मोजा. डावीकडे ॲल्युमिनियम सल्फेटच्या फॉर्म्युलात 3 सल्फेट, म्हणजे उजवीकडे 3 बेरियम सल्फेट, म्हणजे डावीकडे 3 बेरियम क्लोराइड, त्यातून 6 क्लोराइड आले, म्हणून 2 ॲल्युमिनियम क्लोराइड. झालं!

मग खाली काय बसतं ते. नायट्रेट सगळे विरघळतात, सोडियम, पोटॅशियम, अमोनियमचे क्षारपण. आगरवाड्याच्या मिठागरातलं मीठ पाण्यात घालून त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकलं तरी पांढरा सिल्व्हर क्लोराइडच बसणार. लेड आयोडाइड पिवळाधम्मक. फेरिक क्लोराइडमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड घातलं की जो साका, म्हणजे न विरघळता खाली बसणारा पदार्थ, येतो तो पावसात डिचोलीच्या रस्त्यावरून लालसर तपकिरी पाणी वाहतं ना, तसल्या रंगाचा, एकदा बघितला की विसरत नाही.

नेट आयनिक समीकरण, म्हणजे खरोखर बदलणारे आयनच दाखवणारं, लिहिताना साक्याला आयनांत फोडू नका, विरघळलेलं तेवढंच फोडा, आणि दोन्हीकडे जसेच्या तसे राहिलेले स्पेक्टेटर आयन खोडा.

शेवटी चार्ज मोजा, बारावीत मी इथेच मार्क घालवलाय. कॉपर धातू आणि सिल्व्हर आयन, 1 ला 1 लिहिलं, अणू जुळले, मी खूश, पण डावीकडे प्लस 1 आणि उजवीकडे कॉपरचा प्लस 2! सिल्व्हर दोन्हीकडे 2 घेतले की जुळतं.