बाईकचे डिस्क पॅड घरीच बदला

सिंहगड उतरताना पुढून करकर आवाज आला की पॅड बघाच, मटेरियल दीड एमएमच्या खाली गेलं असेल तर पुढचा विकेंड नको, लगेच बदला. पॅड पुण्यात नाना पेठेत मिळतात. कॅलिपर (डिस्कला पकडणारा, पॅड बसतात तो भाग) काढा, त्यातला पिस्टन ब्रेक क्लीनरने पुसून मगच हळू आत दाबा, वर हँडलजवळच्या ब्रेक ऑइलच्या डबीकडे लक्ष ठेवा कारण ते सांडलं तर रंग खातं. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, डिस्क मोजा, त्याखाली असेल तर डिस्कच नवी. ठीक असेल तर १२० च्या पॉलिश पेपरने चकाकी घालवून क्लीनरने पुसा, ग्रीसचा हात अजिबात लावू नका. आणि निघण्याआधी ब्रेकची लिव्हर कडक होईपर्यंत पंप करा, हे विसरलात तर पहिल्या सिग्नलला ब्रेकच लागणार नाही!