पायाचा बायपास: ग्राफ्टमधला प्रवाह मोजताना या चुका टाळा

पायाच्या बायपासमध्ये बंद धमनीला वळसा घालून रक्त नेणारी नवी वाट, म्हणजे ग्राफ्ट, जोडतात. शेवटचा जोड पूर्ण होतो, रक्त अडवणारे चिमटे (क्लॅम्प) सुटतात, ग्राफ्टवर बोट ठेवलं की ठोका छान लागतो आणि सगळे निश्चिंत होतात. पहिली चूक हीच. पुढची वाट बंद असली तरी ठोका लागतो. म्हणून जखमेला टाके घालण्याआधी फ्लोमीटर, म्हणजे प्रवाह मोजणारं यंत्र, लावायचा. त्याच्या प्रोबमधून (वाहिनीभोवती बसवायच्या टोकातून) अल्ट्रासाउंड लहरी प्रवाहाच्या दिशेने आणि उलट दिशेने जातात. दोन्हींना लागणाऱ्या वेळेतल्या फरकावरून मिनिटाला किती मिलिलिटर रक्त वाहतं ते कळतं.

आकडा विचित्र आला तर आधी प्रोब तपासा. तो सैल आहे का, की शीर आवळतोय? मध्ये हवा किंवा चरबी राहिली आहे का? जेली किंवा सलाइन पुरेसं आहे का? पीटीएफई या प्लास्टिकच्या नव्या कृत्रिम नळीच्या भिंतीत हवा असते, तिच्यातून लहरी नीट जात नाहीत. अशा वेळी प्रोब जोडाच्या पुढे, रुग्णाच्या स्वतःच्या धमनीवर लावा.

क्लॅम्प सुटल्यासुटल्या घेतलेला आकडा जपून वाचा. रक्ताविना उपाशी राहिलेला पाय त्या क्षणी जास्त रक्त ओढतो. उलट शीर आखडलेली असेल तर प्रवाह कमी दिसतो. थोडं थांबा आणि आकड्याशेजारी त्या वेळचं ब्लडप्रेशर लिहा. त्याशिवाय तो आकडा उद्या कुणाच्याच कामाचा नाही.

सगळ्यात फसवी जागा म्हणजे ग्राफ्ट म्हणून वापरलेली, पण जागेवरच ठेवलेली सॅफिनस शीर (पायाची त्वचेखालची लांब शीर). रक्त खाली जाऊ न देणाऱ्या तिच्या झडपा आतून कापतात, फाटे बांधतात. एखादा फाटा राहिला तर मांडीशी प्रवाह भरघोस दिसतो, पण रक्त मधूनच शिरांकडे पळतं आणि घोट्याकडे थोडंच पोचतं. म्हणून वर आणि खाली, दोन्हीकडे मोजा. मग खालचं टोक बोटांनी दाबून धरा आणि वर मोजा: आकडा शून्याजवळ यायला हवा. नाही आला तर प्रोब टोकाकडे सरकवत न्या. जिथे प्रवाह एकदम पडतो, तिथे फाटा आहे. ही चाचणी मी कधीच टाळत नाही.

हृदयाच्या बायपासचे निकष पायाला लावू नका. हृदयाच्या ग्राफ्टमध्ये रक्त मुख्यतः हृदय सैल होताना शिरतं; पायात प्रवाहाच्या लहरीचा आकारच वेगळा असतो.

प्रवाह कमी आला की लगेच जोड उघडायची घाई नको. वरची धमनी अरुंद आहे का, ग्राफ्टला पीळ पडलाय का, झडप राहिली आहे का, हे बघा. मग भूलतज्ज्ञांना सांगून, कारण प्रेशर उतरू शकतं, ग्राफ्टमध्ये पापावेरीन (वाहिन्या सैल करणारं औषध) द्या. प्रवाह चांगला वाढला तर बहुधा आखडलेल्या वाहिन्या मोकळ्या झाल्या. हलला नाही तर जोडात दोष तरी आहे किंवा पावलाकडच्या वाहिन्या तरी खराब आहेत, अँजिओग्राम (वाहिन्यांचा रंगद्रव्य घालून काढलेला एक्स-रे) काढा.

आकडा चांगला आला म्हणून डुप्लेक्स (वाहिनी आणि रक्ताचा वेग दाखवणारी सोनोग्राफी) सोडू नका. मध्यम अरुंदपणाने एकूण प्रवाह फारसा घटत नाही, पण त्या जागी वेग वाढलेला डुप्लेक्सवर दिसतो. ग्राफ्ट अरुंद करणारी त्याच्या आतल्या थराची वाढ तर पुढच्या महिन्यांत होते, ती ऑपरेशनच्या टेबलावर दिसणारच नाही. पहिली दोन वर्षं तपासण्या ठरवूनच रुग्णाला घरी पाठवा.

आणि ग्राफ्ट गुडघ्यामागून नेला असेल तर पाय सरळ करून एकदा पुन्हा मोजा. वाकलेल्या गुडघ्यात न दिसलेला पीळ किंवा ताण तेव्हा कळतो.