शिकाऊ हातासाठी सेफ्टी रेझर

सेफ्टी रेझर घेताना किंमत आणि चकाकी पाहण्याआधी त्याचे डोके पाहावे. पाते आणि खालची पट्टी यांच्यातील फट लहान असेल आणि पात्याची धार बाहेर फारशी डोकावत नसेल, तर तो रेझर सौम्य असतो व हात थोडा चुकला तरी सहसा त्वचा कापत नाही. याउलट फट मोठी असलेला रेझर दाट दाढी झरझर उतरवतो, पण कोनातील लहानशी चूकही खपवून घेत नाही. मी सुरुवातीलाच असा जहाल रेझर घेतला होता आणि पंधरा दिवस गळ्यावर ओरखडे वागवले; म्हणून नवशिक्याने सलग, गुळगुळीत पट्टीचा सौम्य रेझरच घ्यावा, दातेरी पट्टीचा नंतर पाहावा, असे मी आग्रहाने सांगतो.

पात्यावर बसणारी टोपी, पट्टी आणि दांडा असे तीन सुटे भाग असलेला रेझर मला सर्वांत योग्य वाटतो. दांडा फिरवताच वरची दोन दारे उघडणारा प्रकार सोयीचा असला, तरी माण-खटावसारख्या भागात बोअरच्या जड पाण्यामुळे साबणाचा पांढरा थर त्याच्या सांध्यांत बसतो आणि तो काढणे कठीण जाते. तीन भागांचा रेझर मात्र सुटा करून जुन्या दात घासण्याच्या ब्रशने मिनिटभरात स्वच्छ होतो. पाते बसवताना ते आखूड कडांनी धरावे आणि आवळल्यावर दोन्ही बाजूंनी सारखेच बाहेर दिसते ना, हे उजेडात तपासावे.

जड पाण्याचा परिणाम फेसावरही होतो. फेस पातळ पडून लगेच विरत असेल, तर रेझरला दोष देण्याआधी दाढीच्या ब्रशवर साबण जास्त घ्यावा, किंवा पाणी उकळून, निवळून वापरावे. सातारा शहरात माझा साबण जितका पुरतो, त्याच्या जवळजवळ दुप्पट तो मला माणमधील दहिवडीकडे लागतो.

अंघोळीनंतर, केस मऊ असताना दाढी करावी. रेझरची टोपी गालावर टेकवून दांडा गालाशी काटकोनात धरावा आणि पाते केसाला लागल्याचे जाणवेपर्यंत तो हळूहळू खाली आणावा. तेव्हा पाते आणि त्वचा यांच्यातील कोन साधारण ३० अंशांचा भरतो. यानंतर दाब मुळीच देऊ नये. धातूच्या रेझरचे वजन हेच त्याचे बळ असते, आणि प्लास्टिकच्या रेझरने लागलेली दाबण्याची सवय मोडणे हाच या शिक्षणातील सर्वांत अवघड भाग आहे. दोन-तीन सेंटिमीटरचे आखूड फटकारे घ्यावेत. पहिला महिना केवळ केस वाढतात त्या दिशेनेच रेझर चालवावा. गळ्यावर ही दिशा अनेकदा तिरपी असते, म्हणून दोन दिवसांची दाढी बोटांनी चाचपून ती आधी ओळखावी. या काळात रेझर, पाते आणि साबण एकदम बदलू नयेत, कारण मग सुधारणा कशाने झाली, हे कळत नाही.

शेवटी थंड पाण्याने चेहरा धुऊन ओली तुरटी फिरवावी. ती जिथे झोंबेल, तिथे हात जड पडला होता असे समजावे आणि पुढच्या वेळी त्या जागी रेझर अधिक हलका धरावा.