थंडीत घाट उतरताना कॅमेऱ्याची काळजी
डिसेंबर-जानेवारीत साताऱ्याहून पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाटामार्गे गुहागरचा समुद्र टिपायला जाताना, पहाटेच्या गारठ्यात थंड पडलेला कॅमेरा किनाऱ्यावरच्या दमट, उबदार हवेत एकदम उघडला, तर लेन्सच्या काचेवर बाष्प धरते. म्हणून निघण्यापूर्वीच तो घट्ट बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावा आणि पोहोचल्यावर अर्धा तास तरी पिशवी उघडू नये, म्हणजे दव पिशवीच्या बाहेरच साचते. लेन्स काढून आत डोकावण्याचा मोह तर मुळीच नको. खारे तुषार उडाल्यास कोरड्या कापडाने घासू नये, कारण मीठ आणि वाळूच्या कणांनी काचेवर ओरखडे पडू शकतात. आधी ब्लोअरने कण उडवून मग किंचित ओलसर, मऊ कापडाने पुसावे. या दिवसांत सूर्य नैर्ऋत्येकडे सरकून मावळतो, तेव्हा जागा दुपारीच हेरून ठेवावी.