स्कीचे बूट दुकानातच घ्या, हातमोजे कुठूनही

स्कीइंगचं सामान घेताना सगळ्यात आधी बूट घ्या, आणि ते दुकानात बसून, पाय मोजून घ्या. स्की कोणती, रंग कोणता, हे नंतर. बूट चुकला तर कितीही चांगली स्की पायाचं ऐकत नाही.

ऑनलाइन बूट घेताना आपण आकडा निवडतो. हा आकडा मोंडोपॉइंटचा, म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी. पण बहुतेक कंपन्यांत २६ आणि २६.५ चं बाहेरचं कडक प्लॅस्टिकचं कवच एकच असतं, त्यामुळे अर्ध्या नंबरावर डोकेफोड करण्यात अर्थ नाही. रुंदीचंही तसंच. ९८, १००, १०२ मिलिमीटर हे आकडे चवड्यापाशी मोजलेले असतात. टाच, घोटा, पावलाची उंची यांबद्दल ते काहीच सांगत नाहीत. फ्लेक्सचा, म्हणजे बूट पुढे वाकायला किती कडक आहे याचा, १०० किंवा १२० हा आकडा तर एका कंपनीचा दुसरीशी जुळतही नाही.

दुकानात दुपारनंतर जा, तेव्हा पाऊल थोडं सुजलेलं असतं. एकच पातळ मोजा घाला. चांगला फिटर, म्हणजे बूट पायाला बसवून देणारा माणूस, आधी लायनर (बुटातलं मऊ अस्तर) काढून नुसत्या कवचात पाय घालायला लावतो. बोटं पुढे टेकली की टाचेमागे साधारण दीड-दोन सेंटिमीटर जागा हवी. त्याहून बरीच जास्त असेल तर बूट मोठा आहे, मग तो कितीही मऊ वाटो. नंतर लायनरसकट बूट घालून, बकल लावून सरळ उभे राहा. बोटं पुढे हलकी टेकतील. गुडघे वाकवून नडगी पुढे दाबलीत की बोटं मागे सरकली पाहिजेत. असे पंधरा मिनिटं तरी उभे राहा, बोलत राहा, घाई करू नका. आणि ज्या दुकानात पाय न मोजता थेट खोका पुढे केला जातो, तिथून खुशाल बाहेर पडा. जवळचं दुकान आहे एवढ्यावरून ते चांगलं ठरत नाही.

माझ्या उजव्या घोट्याचं आतलं हाड जरा पुढे आलेलं आहे. फिटरने त्यावर लिपस्टिकचा ठिपका लावला, पाय कवचात घालायला सांगितला आणि प्लॅस्टिकवर जिथे डाग उमटला तिथेच ते गरम करून बाहेर फुगवलं. मी पैसे मोजले ते या नजरेसाठी. लायनर वापराने दबतो, नवी दुखणी पुढे निघतात, तेव्हा पुन्हा त्याच माणसाकडे जाता येतं. म्हणून विकत घेतानाच विचारा: नंतरची दुरुस्ती किमतीत धरली आहे का, आणि किती काळ?

बाइंडिंगच्या, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीच्या, बाबतीत मी अजिबात तडजोड करत नाही. पडल्यावर बूट कधी सुटायचा हे तिच्यावर ठरतं; उशिरा सुटला तर पाय मोडतो, लवकर सुटला तर भलत्या जागी आपटता. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्कीइंगची पद्धत यांवरून सेटिंग काढतात. वय ५० किंवा जास्त असेल तर आकडा खाली येतो. यात वजन आणि अनुभव खरे सांगा, तिथे भिडस्तपणा किंवा फुशारकी नको. दुकानात यंत्रावर सुटण्याचा जोर तपासूनही घेता येतो. बुटाचा तळही बाइंडिंगशी जुळावा लागतो: साधा अल्पाइन (उतारावरच्या स्कीइंगचा), ग्रिपवॉक (चालायला सोपा) आणि टूरिंगचा (डोंगर चढून जाण्यासाठीचा) तळ एकमेकांच्या जागी चालतीलच असं नाही.

स्की ऑनलाइन स्वस्त मिळाली? घ्या. पण घरी ड्रिल हातात घेऊ नका. स्की, बाइंडिंग आणि तुमचे बूट तिन्ही घेऊन दुकानात जा आणि बसवण्याची मजुरी कुरकुर न करता द्या. सेकंडहँड स्की घेत असाल तर आधी फोन करून बाइंडिंगचं मॉडेल सांगा. उत्पादकाच्या यादीतून बाद झालेल्या जुन्या बाइंडिंगला बरीच दुकानं हात लावत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

हातमोजे, गॉगल, स्कीच्या तळाला लावायचं मेण, मोजे, पोल (हातात धरायच्या काठ्या) ऑनलाइन घ्यायला हरकत नाही. पोल उलटा धरून, टोकाजवळच्या चकतीखाली मूठ पकडली की कोपर काटकोनात यावं, एवढं जमलं की माप बरोबर. हेल्मेट मात्र डोक्यावर घालूनच पाहा.

एक गोष्ट कृपा करून करू नका: तासभर फिटरकडून बूट घालून घेऊन, नंबर टिपून, घरी जाऊन ऑनलाइन मागवणं. तो तास त्याच्या पोटापाण्याचा आहे. किंमत जड वाटत असेल तर फोनवरचा ऑनलाइन भाव दाखवून सरळ विचारा, "यात काही जमेल का?" भाव कमी नाही झाला, तरी कधी बुटाच्या आत पावलाखालची सोल घालून मिळते, कधी सीझनभर स्कीचं धार-मेण करून मिळतं. मागच्या सीझनचं मॉडेल आहे का, तेही विचारा. पायाला बसत असेल तर ते बिनधास्त घ्या.